ऑगस्टाबाईंचं फडताळ

परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो विचारतो, "लंडन पाहिलंत का?" मी नाही म्हणतो. मग तो माझ्याकडे, लग्नाला जाऊन न जेवता परतलेल्या माणसाकडे पाहावं तसा पाहतो. लंडन मी विमानतळावरून सुटलेल्या बसच्या काचेतून पाहिलं, तेही अर्धवट, कारण डोळा लागला. माझं काम लंडनमध्ये नव्हतंच. ते साउथहॅम्प्टनजवळच्या एका खेड्यात, एका दिवंगत अमेरिकन बाईच्या फडताळात होतं.

ती बाई म्हणजे ऑगस्टा पेनिमन. माझी बायको नलिनी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. अमेरिकेतल्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या बायका हा तिचा प्रांत. आमच्याकडे मेथी निवडताना त्यांच्या संसाराची चर्चा चाले. अमकीच्या नवऱ्याला कामधंदा नव्हता, तमकीने पोरं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा कादंबऱ्या लिहिल्या, तिसरीने घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. शेजारणीला बरीच वर्षं वाटत होतं की या आमच्या नात्यातल्या, पुण्याकडच्या बायका आहेत आणि त्यांचं काही बरं चाललेलं नाही.

त्यांच्यात ऑगस्टाबाई नलिनीच्या सर्वांत लाडक्या. मूळच्या अमेरिकेतल्या व्हरमाँट या डोंगराळ, बर्फाळ राज्यातल्या. दोन कादंबऱ्या गाजल्यावर त्या पंधरा दिवस इंग्लंड पाहायला बोटीने निघाल्या. वाटेत बोट अशी काही लागली की साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावर पाय ठेवताच त्यांनी जाहीर केलं, पुन्हा बोटीत चढणार नाही. चढल्या नाहीत. जवळच्याच खेड्यात घर घेतलं आणि मरेपर्यंत तिथे बसून व्हरमाँटच्या बर्फावर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. शेवटपर्यंत म्हणत, मी इथे पंधरा दिवसांसाठी आले आहे.

त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. एकदा कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकात तिथल्या फडताळाचा फोटो आला. त्यात जगभरच्या भाषांतली त्यांच्या कादंबऱ्यांची भाषांतरं. नलिनीने भिंग घेतलं आणि थोड्या वेळाने ती ओरडली, "अहो, गुजराती आहे!"

"बरं मग?"

"बरं मग काय? गुजराती आहे आणि आपण नाही!"

त्या दिवशी तिने लिहायला घेतलं. पुस्तक निघालं, 'काहिलीच्या कडेला'. कोल्हापूरच्या एका लहान प्रकाशकाने काढलं, वाचनालयांनी घेतलं, संपलं. फडताळासाठी एक प्रत तिने पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवली होती. मी म्हटलं, पोस्टाने पाठवू. ती म्हणाली, "पोस्टाने नाही. मी स्वतः नेऊन ठेवणार, गुजरातीच्या शेजारी." मग गुडघे आले. मग गुडघ्यांकडे पाहायलाही सवड मिळू नये असं दुसरं दुखणं आलं. ती गेली त्याला यंदा वर्ष झालं. वर्षश्राद्ध झाल्यावर मी ती प्रत स्वेटरमध्ये गुंडाळली आणि मुलीला फोन केला.

साउथहॅम्प्टन

केतकी तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. तिच्या घराच्या खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात आणि मधूनच प्रवासी जहाज दिसतं, आपल्या एखाद्या अख्ख्या सोसायटीने समुद्रात चालायला सुरुवात करावी तसं. तिच्याकडे आमटी अगदी घरच्यासारखी होते, फक्त कढीपत्ता फ्रीझरमधून दगडासारखा येतो आणि आमटीत पडताना आवाज होतो.

स्मारकाच्या मंडळाला तिने आधीच ईमेल केली होती. उत्तर सौजन्याने भरलेलं होतं. आनंद झाला, जरूर या, मात्र फडताळात ठेवण्याआधी प्रत्येक भाषांतर समितीपुढे तपासलं जातं. कारणही कळवलं होतं. पूर्वी कुणी तरी फिनिश भाषांतर म्हणून दिलेलं एक पुस्तक कित्येक वर्षं फडताळात मानाने उभं होतं आणि शेवटी ते मोटारबोटीचं इंजिन दुरुस्त कसं करावं याचं निघालं. तेव्हापासून ती भाषा जाणणारा त्रयस्थ माणूस बोलावतात. मराठीसाठी लंडनमधल्या ईलिंगहून एक बाई येणार होत्या.

केतकीने ईमेल वाचून दाखवली आणि फोन खाली ठेवला.

"बाबा, मी त्यांना ट्रान्सलेशन असं लिहिलंय."

"बरोबर आहे की."

"बाबा, आईच्या पुस्तकात शांता पुरातून होडीने जाते. कृष्णेच्या."

"हो."

"आणि ओरिजिनलमध्ये?"

"बर्फातून, घसरगाडीने."

"बाबा!"

तिचा जीव का खालीवर झाला ते मला कळेना. आपल्याकडची ही जुनी रीत आहे. परदेशी नाटक मराठीत आलं की पहिल्या अंकातच धोतर नेसतं, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नाही. नलिनीनेही तेच केलं. व्हरमाँटमध्ये मेपल नावाच्या झाडाचा रस मोठ्या कढयांत आटवून साखर करतात. ऑगस्टाबाईंची नायिका पेशन्स ही तसला कारखाना एकटीने चालवणारी विधवा. नलिनीने तिला शांता केलं आणि कृष्णाकाठच्या गुऱ्हाळावर आणून बसवलं. कढईची काहील झाली, बर्फाचा महापूर झाला. मुखपृष्ठावर 'रूपांतर' असं स्वच्छ छापलेलं आहे. पण ते मराठीत.

"मी सुट्टी काढू का?" केतकीने विचारलं.

"नको. पुस्तक ठेवायला किती वेळ लागणार?" मी म्हटलं.

बस

इकडे बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरचे आभार मानतो. मीही मानले, पण एक थांबा आधीच. बस निघून गेली. मी जिथे उभा होतो तिथे एक कुंपण, पलीकडे मेंढ्या आणि माणूस एकही नाही. मेंढ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाची पिशवी छातीशी धरली आणि चालू लागलो. दोन्ही बाजूंना हिरवंगार, भांग पाडल्यासारखं नीटनेटकं गवत. आपल्याकडे एवढं हिरवं असलं की कुठे तरी चिखल असतो. इथे तोही एका बाजूला आवरून ठेवला होता.

खेड्याच्या थांब्यावर एक ठेंगणी म्हातारी बाई बाकावर बसली होती. लोकरीचा कोट, डोक्याला रुमाल, मांडीवर सुपरमार्केटची पिशवी. मला पाहताच तिने हाक मारली, "काय ओ, तुम्हीच का ते सांगलीवाले मास्तर?"

ही मंडळाची मराठीची तज्ज्ञ. फ्लोरा पेणकर. मुंबईतली बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, जन्म भायखळ्याचा, लग्न होऊन इकडे आली ती इकडेच राहिली. "पेणकर खरी, पण पेण काय पाहिलं नाय कधी," ती म्हणाली. "घरात आता कोण मराठी बोलतंय? नातवंडं मला विचारतात, ग्रॅनी, तू रागावली की कुठली भाषा बोलते. म्हटलं चला, दिवसभर रागावल्याशिवाय मराठी बोलायला मिळेल." मग पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेली हलव्याची वडी काढून माझ्या हातावर ठेवली. "नारळाच्या दुधातला आहे. आमच्या नव्या वर्षाला करतात. मी केव्हा पण करते."

हलवा सुरेख होता. बाई ऐंशीच्या पुढच्या, पण माझ्यापेक्षा भरभर चालत होत्या.

पेनिमन हाउस

दार हिलरी नावाच्या बाईंनी उघडलं. त्या मंडळाच्या अध्यक्ष. उंच, चेहऱ्यावर कायम दिलगिरी. शेजारी नाइजेल, निवृत्त दंतवैद्य, मंडळाचे चिटणीस. त्यांना ऑगस्टाबाईंच्या सगळ्या कादंबऱ्या पाठ आहेत असं हिलरीबाईंनी सांगितलं आणि नाइजेल यांनी विनयाने मान खाली घातली.

फडताळ दिवाणखान्यात होतं. फोटोत वाटलं त्यापेक्षा लहान. खालून दुसऱ्या कप्प्यात गुजराती होतं आणि त्याच्या शेजारी जाडसर फट होती. मनात म्हटलं, मावेल.

चहा आला, त्याबरोबर गोल, कोरडे, खारीच्या मावसभावासारखे स्कोन, जॅम आणि साय. जॅम आधी की साय आधी यावर दोघांनी एकमेकांकडे न पाहता आपापलं केलं. तिथे काही जुनं दुखणं असावं. नाइजेलनी खाता खाता गावची कीर्ती सांगितली. ऑगस्टाबाईंच्या कादंबऱ्यांतला व्हरमाँटचा तो कवडीचुंबक दुकानदार आहे ना, ते खरं म्हणजे नाइजेलचे पणजोबा. ती चहाडखोर पोस्टमास्तरीण इथलीच, तिचं घर कोपऱ्यावर आहे. तो पाद्री याच चर्चमधला. "तिने आमचं अख्खं गाव उचलून तिकडच्या बर्फात नेऊन ठेवलं," ते अभिमानाने म्हणाले.

समिती तिघांची होती. तिसरी खुर्ची रिकामी होती.

"ते यायचे आहेत का?" मी विचारलं.

"जेराल्ड? छे," हिलरीबाई म्हणाल्या. "तो दोन वर्षांपूर्वी वारला. पण त्याच्या जागी कुणी मिळत नाही, म्हणून अजून सदस्य आहे."

"आणि त्याचं मत?"

"विरोधात धरतो. तो नेहमी विरोधातच असायचा."

"हाय हाय," फ्लोराबाई मला मराठीत म्हणाल्या, "मेल्यावर पण सुट्टी नाय बिचाऱ्याला."

मग तपासणी सुरू झाली. नाइजेलनी मूळ इंग्रजी पुस्तक उघडून नवव्या प्रकरणावर बोट ठेवलं. फ्लोराबाईंनी नलिनीचं नववं प्रकरण उघडलं, चष्मा पुसला आणि मराठी एकेक वाक्य मोठ्याने वाचून त्याचं इंग्रजी करू लागल्या. पुढचं सगळं इंग्रजीतच चाललं, मी इथे मराठीत देतो.

"पाणी चढत होतं," फ्लोराबाई म्हणाल्या.

नाइजेलचं बोट थांबलं. "कसलं पाणी?"

"नदीचं. गुऱ्हाळाच्या पायरीला लागलं."

"इथे बर्फ पडतो आहे."

"असेल. इथे पूर आहे."

"पुढे चला," हिलरीबाई म्हणाल्या.

"शांताने घारगे तळायला घेतले."

"काय घेतले?"

"घारगे हो. लाल भोपळा, गूळ, कणीक. गरम गरम, वर तूप." फ्लोराबाईंनी डोळे मिटले. "माझी शेजारीण करायची. ती गेल्यापासून नाय खाल्ले."

"पेशन्स भोपळ्याचं सारण भरलेला 'पाय' भाजते," नाइजेल म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला. "भाजते. ओव्हनमध्ये."

"भोपळा तर आहे ना दोन्हीकडे? मग?"

"आणि पाद्री? तो या वेळी घसरगाडीतून येतो आणि तिला लग्नाचं विचारतो."

फ्लोराबाईंनी पान उलटलं आणि त्या खुदकन हसल्या. "इथे कीर्तनकारबुवा आलेत. होडीतून. छत्री उडालीय, उपरणं भिजलंय, लग्नाचं विचारायला तोंड उघडलं तर ही म्हणते, बुवा, आधी ती ढेपांची पोती माळ्यावर चढवा, मग बोला." त्या माझ्याकडे वळल्या. "ओ मास्तर, भारी खोडकर आहे तुमची बायको!"

मी हसलो.

"ही पोती," नाइजेलनी शांतपणे पुस्तक मिटलं, "मुळात नाहीत."

"नसली तर असायला पायजे होती," फ्लोराबाई म्हणाल्या.

नाइजेलनी जबडा तपासून झाल्यावर दंतवैद्य सांगतो तशा सुरात सांगितलं. स्थळ वेगळं, हवामान वेगळं, खाद्यपदार्थ वेगळे, धर्म वेगळा, पोती अधिक. हे भाषांतर नाही. फडताळ भाषांतरांसाठी आहे.

मी सहसा चारचौघांत बोलत नाही. ग्रंथालयात जन्म गेला, लोकांना गप्प करायची सवय आहे. पण त्या फटीकडे पाहिलं आणि उठून उभा राहिलो.

"नाइजेलसाहेब, तुमच्या पणजोबांना ऑगस्टाबाईंनी विचारलं होतं का? त्यांना फरची टोपी घालून व्हरमाँटला नेलं, तिथल्या बर्फात दुकान थाटून दिलं. त्याचा तुम्हांला अभिमान वाटतो. माझ्या बायकोने त्यांनाच पुढे कृष्णाकाठी नेलं. टोपी काढून पागोटं घातलं. तोच चिकटपणा, तीच तराजूला अंगठा लावायची सवय. आमच्या सांगलीत लोक वाचून म्हणाले, हा तर अमक्या पेठेतला तमका. एवढं ओळखू येणारं काम जर बाद असेल, तर ऑगस्टाबाईंचंही बाद करा."

नाइजेलनी मिटलेलं पुस्तक टेबलावर सरळ केलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे लोकांनी त्यांना ओळखलं?"

"तीन जणांनी. तिघांनी वेगवेगळा सांगितला."

त्यांना ते आवडलं, हे मला त्यांच्या कानांवरून कळलं. ते लाल झाले. तरी मतदान व्हायचं ते झालंच. हिलरीबाई बाजूने. नाइजेल नियमाला धरून, दुःखाने, विरोधात. जेराल्ड विरोधात.

"मेलेल्या माणसाचं मत धरतात," फ्लोराबाई मराठीत कडाडल्या, "आणि जितं पुस्तक धरत नायत! चला हो मास्तर, उठा."

मी पुस्तक पिशवीत घालू लागलो. फट तशीच होती.

"थांबा," नाइजेल म्हणाले. "भाषांतर नसेल, तर ते काय आहे याचा विचार व्हायला हवा." ते येरझारा घालू लागले. "अनुवाद नाही म्हणजे स्वतंत्र लेखन. स्वतंत्र लेखन म्हणजे तुमच्या पत्नी कादंबरीकार ठरतात. हिलरी, वरच्या खोलीची नियमावली काय म्हणते?"

वर आणखी एक खोली आहे हे मला तेव्हा कळलं. आम्ही जिना चढलो. उताराच्या छपराखालची लांबट, उजेडाची खोली. भिंतींवर फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली लहान फळीवर एक पुस्तक. सगळ्या अमेरिकन कादंबरीकार स्त्रिया. ऑगस्टाबाईंनी आपल्या भगिनींसाठी ही खोली राखली होती. कुणी मांडीवर कुत्रा घेऊन, कुणी छायाचित्रकारावर चिडलेली, एक पाठमोरी. मला बहुतेकींची नावं पाहावी लागली नाहीत.

"अमेरिकन कादंबरीकार स्त्रिया," नाइजेलनी तोंडपाठ म्हटलं, "आणि त्यांच्या वाटेने पुढे लिहिणाऱ्या. कोणत्या देशातल्या, असं म्हटलेलं नाही. हे माझ्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

"म्हणजे तुमची बायको अमेरिकन कादंबरीकार झाली?" फ्लोराबाईंनी मला विचारलं. "तिच्याजवळ व्हिसा आहे?"

"पासपोर्टसुद्धा नाही," मी म्हटलं.

"उत्तम," नाइजेल म्हणाले. "ऑगस्टाच्याही पासपोर्टची मुदत संपलेलीच होती."

सगळे खूश झाले. मग हिलरीबाईंचा चेहरा एकदम पडला. त्यांनी नाइजेलकडे पाहिलं, नाइजेलनी जमिनीकडे.

"एक नियम राहिलाच," हिलरीबाई म्हणाल्या. "मला फार वाईट वाटतं सांगायला. या खोलीत फक्त... म्हणजे, ज्या आता नाहीत, त्यांनाच जागा देता येते. तुमच्या पत्नीला आम्ही आनंदाने नंतर घेऊ. आणि ती वेळ खूप, खूप वर्षांनी येवो."

मला इथे कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. बसथांब्यापासून सबंध दिवस मी 'माझी बायको म्हणते', 'माझ्या बायकोला आवडतं' असं बोलत होतो. सांगलीत असं बोललं की लोक नजर खाली घालतात. इथे कुणी अडवलं नव्हतं. फ्लोराबाईंनी तर तिला खोडकर म्हटलं होतं, समोर बसलेल्या माणसाला म्हणावं तसं. मला वाटलं, पिशवी उचलावी, 'ठीक आहे, नंतर' म्हणावं आणि बस पकडावी. निदान इथे या तिघांपुरती ती सांगलीत बसलेली राहील, गुडघ्याला तेल लावत, माझी वाट पाहत.

पण ती जागेसाठी भांडली असती. 'नंतर' हा शब्द तिला आवडायचा नाही.

"थांबावं लागणार नाही," मी म्हटलं. "ती गेली."

इंग्रज माणसं अशा वेळी हवामानाकडे वळतात असं मी ऐकलं होतं. नाइजेल खरोखरच खिडकीकडे वळले. बाहेर ऊन होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि तसेच ताठ उभे राहिले. हिलरीबाईंनी माझा हात हातात घेतला, मग बरोबर केलं की नाही अशा शंकेने सोडला, मग पुन्हा घेतला.

"मास्तर," फ्लोराबाई हळूच म्हणाल्या, "आधी का नाय सांगितलंत हो? मी आपली मघापासून बडबडतेय."

"बरं वाटत होतं ऐकायला."

"मग अजून बोलते की. खोडकर ती खोडकरच. ती पोती मी विसरायची नाय."

जागा निवडायला मला सांगितली. दाराजवळ एक होती आणि खिडकीजवळ एक. मी खिडकीजवळची घेतली, कारण तिला फार उकडायचं. पाकिटातला फोटो दिला, हिलरीबाईंनी तो काचेच्या चौकटीत बसवून टांगला. त्यात ती कुणाच्या तरी निरोपसमारंभात तोंड उघडून हसते आहे. बाकीच्या भिंतीवर कुणीच हसत नव्हतं. पुस्तक कागदी बांधणीचं, फळीवर उभं राहीना. फ्लोराबाईंनी हलव्याच्या चांदीच्या कागदाची घडी करून मागे टेकण दिलं.

हिलरीबाईंनी कार्डावर सुबक अक्षरात लिहिलं: नलिनी सबनीस, कादंबरीकार, सांगली. पुढे जन्माचं वर्ष विचारलं, ते लिहिलं, एक लहानशी आडवी रेघ काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरं वर्ष सांगितलं. त्यांनी ते लिहून शाईवर फुंकर घातली.

मग नाइजेलनी खोलीतला दिवा लावला, दोन पावलं मागे गेले, आणि तिच्या काचेवर चकाकी येते म्हणून फोटो थोडा कलता करून पुन्हा टांगला.